कापूस वेचणाऱ्या बाईने तक्रार कुठे करायची?

बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या मोहिमेत मोर्चे, पथनाट्यं करून काय बदलतं, असं काही जण विचारतात. मी चोपड्याकडची. आमच्याकडे बायका कापूस वेचायला पहाटे पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून जातात. मागच्या हंगामात एकीने सांगितलं, गाडीवाला वर चढवायच्या निमित्ताने नको तिथे हात लावतो. तक्रार कर म्हटलं तर म्हणाली, "नको वं माय, काम जाई." दुसऱ्या दिवसापासून ती पदर घट्ट खोचून, कोणाचाही हात न धरता फाळक्यावरून एकटी चढायला लागली. मला ते बघवलं नाही.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शेतमजूर बाईलाही लागू आहे, मालकाने कामासाठी दिलेली गाडीसुद्धा त्यात कामाची जागा धरतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, ३ महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं काम. (गावातल्या एका तरी भिंतीवर हे वाचलंय का कोणी?)

हिंसेविरुद्धची ही २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरची मोहीम आमच्याकडे ऐन वेचणीत येते. यंदा कार्यक्रम सभागृहात नको. पहाटे गाडी भरते त्या चौकात घ्या, मी येते.