नर्सेसच्या कामाचं वातावरण मोजायचंय: वॉर्डला एकच आकडा देता येईल का?

दर्जा_विभाग
१२ वॉर्ड, साधारण १६० स्टाफ नर्स. व्यवस्थापनाला प्रत्येक वॉर्डचा एकच आकडा हवाय. 'तुम्ही कामावर समाधानी आहात का?' असा जुना फॉर्म आहे, तो चालेल का? की ३१ विधानांची पीईएस-एनडब्ल्यूआय (नर्सेसच्या कामाचं वातावरण मोजणारी प्रश्नावली) घ्यावी? गुण कसे काढतात?

आकडेमोड
जुना फॉर्म नको. पगारावर नाराज असलेली नर्सही 'इन्चार्ज पाठीशी उभ्या राहतात' हे मान्य करू शकते. समाधान वेगळं, वातावरण वेगळं.

पीईएस-एनडब्ल्यूआय नर्सिंग संशोधक आयलीन लेक यांनी २००२ मध्ये मांडली. तिचे पाच भाग: रुग्णालयाच्या कारभारात सहभाग (९ विधानं), दर्जेदार शुश्रूषेचा पाया (१०), इन्चार्जचं नेतृत्व आणि पाठबळ (५), मनुष्यबळ व साधनं पुरेशी असणं (४), डॉक्टरांशी कामाचे संबंध (३). 'पूर्ण असहमत'ला १, 'पूर्ण सहमत'ला ४. मधला पर्याय नसतो, तो स्वतःहून घालू नका.

आधी प्रत्येक नर्सची भागवार सरासरी, मग वॉर्डची, शेवटी पाच भागांची सरासरी. सगळी ३१ उत्तरं एकत्र करून भागू नका, नाहीतर १० विधानांचा भाग ४ विधानांच्या भागाला झाकतो. समजा मनुष्यबळ १.५ आणि बाकी चारही भाग ३. पाच भागांची सरासरी २.७ येते, सरसकट केली तर २.८१. दोन्ही २.५ च्या, म्हणजे १ ते ४ च्या मध्याच्या वर! चार-पाच भाग २.५ च्या वर असले की 'अनुकूल' म्हणायची पद्धत आहे, म्हणजे माणसांवाचून अडलेला हा वॉर्डही अनुकूलच ठरतो. म्हणून एकटा आकडा वर पाठवू नका, पाचही द्या.

रात्रपाळी
गणित बरोबर आहे, पण घोळ फॉर्म वाटतानाच होतो. इन्चार्ज सिस्टरनी वाटून त्यांनीच गोळा केले, की नेतृत्वाचे गुण फुगलेच म्हणून समजा. बंद पेटी वॉर्डबाहेर ठेवा आणि तिन्ही पाळ्यांना पुरेल इतके दिवस ठेवा. वय, शिक्षण, अनुभव हे सगळं एकाच फॉर्मवर विचारलंत तर लहान वॉर्डात माणूस लगेच ओळखू येतो. वॉर्ड आणि अनुभवाचा ढोबळ गट पुरे. प्रत्यक्ष रुग्णसेवेतल्या नर्सेसच घ्या, वॉर्डात तीन महिने न झालेल्यांना वगळा.

दर्जा_विभाग
दोन वॉर्डांत सहा-सातच जणी आहेत. त्यांचं काय? आणि अर्धवट भरलेले फॉर्म?

आकडेमोड
एखाद्या भागातली निम्म्याहून कमी उत्तरं असतील तर त्या नर्सचा तेवढाच भाग सोडा, अख्खा फॉर्म नको. रिकाम्या जागी शून्य टाकलंत तर सरासरी खाली घसरते.

लहान वॉर्डसाठी आयसीसी (एकाच वॉर्डातली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) पाहा. आयसीसी(१) म्हणजे एकूण फरकातला किती वाटा वॉर्डमुळे आहे. तो ०.१० असेल तर ५ उत्तरांवर वॉर्ड-सरासरीची विश्वासार्हता, म्हणजे आयसीसी(२), ०.३६ येते, १० वर ०.५३, २० वर ०.६९. सहा जणींच्या सरासरीवर वॉर्डांची क्रमवारी लावणं हा शुद्ध जुगार आहे. सारख्या कामाचे दोन वॉर्ड जोडा, मात्र आयसीयू आणि जनरल कधीच नाही.

रात्रपाळी
जोडलेत तरी पाचपेक्षा कमी उत्तरं असतील तर निकाल छापू नका. आणि हे वाटण्याआधीच लेखी कळवा, नंतर सांगून कुणाचा विश्वास बसत नाही.