विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी ठेवायचा अधिकार नेमका कुणाचा?

जुना कसबेकर (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५चं नागपूर अधिवेशन आठवडाभरात आटोपलं. त्या आठवड्यात विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता आणि विधान परिषदेतही नव्हता. विधानसभेतलं पद नोव्हेंबर २०२४च्या निकालापासून मोकळं आहे. परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली आणि तीही खुर्ची रिकामी झाली.

ठाकरेंच्या शिवसेनेने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधवांचं नाव विधानसभा अध्यक्षांकडे दिलं. अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी ते मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. नकार असता तर त्याची कारणं वाचता आली असती, कोर्टात जाता आलं असतं. पण कागद नुसता टेबलावर पडून आहे.

कारण सांगितलं जातं दहा टक्क्यांचं. २८८ आमदारांच्या सभागृहात एका पक्षाकडे २९ हवेत. ठाकरेंकडे २०, काँग्रेसकडे १६, शरद पवारांकडे १०. पण ही अट महाराष्ट्राने पाळली कधी? १९६२ साली २६४ जागांच्या विधानसभेत काँग्रेसचे २१५ होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) १५. तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९७२ मध्ये शेकापचे फक्त सात निवडून आले. तरी त्या पदावर दि. बा. पाटील बसले. नवी मुंबईच्या विमानतळाला ज्यांचं नाव द्यावं म्हणून आगरी-कोळी माणूस रस्त्यावर उतरला, तेच दि. बा. समोर दोनशेवर काँग्रेस आमदार असताना सात जणांच्या बळावर त्यांनी सभागृह गाजवलं.

अध्यक्षांनी ठराविक मुदतीत, लेखी कारणांसह निर्णय द्यावा. हो म्हणा किंवा नाही म्हणा. वर्षभर गप्प बसायचा अधिकार मात्र अध्यक्षांना नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर लिहावं.

डोंबिवली फास्ट लोकल

माझं मत वेगळं आहे आणि मी ते मनापासून मांडतोय.

मतदाराने कौल दिला आहे. तिन्ही पक्ष मिळून ४६. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, बंगला, गाडी, कर्मचारी हे सगळं सरकारी तिजोरीतून जातं, त्याला काही किमान बळाची अट असणं चूक कसं? आणि ज्या काँग्रेसचे लोक आज लोकशाहीचा गळा घोटला म्हणतात, त्यांनी १९८० आणि १९८४च्या लोकसभेत काय केलं? १९८४ला तेलुगू देसम ३० खासदारांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. त्यांना अधिकृत विरोधी पक्षनेतेपद मिळालं नाही. पाच वर्षं देश तसाच चालला. २०१४ला काँग्रेसचे ४४ आले तेव्हा लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजनांनी तोच नियम लावला. आपला तो नियम आणि दुसऱ्याचा तो अन्याय, असं कसं चालेल?

धुळप आणि दि. बां.चं उदाहरण इथे लागू पडत नाही. तो काळ १९७८च्या कायद्याच्या आधीचा. महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ साली झाला. त्याआधी ते पद बरंचसं प्रथेवर चालायचं. तिजोरीतून पैसा आणि दर्जा देण्याचा प्रश्न आला की मोजमाप बदलणारच.

वकिली चष्मा

डोंबिवलीकर, १९७८ नंतरचंच उदाहरण देतो.

१९८५च्या निवडणुकीत शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसला ५४ जागा होत्या. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि विरोधी बाक एकदम ओस पडले. उरले जनता पक्षाचे २०, भाजपचे १६, शेकापचे १३. सभागृह तेव्हाही २८८चंच. मग पद रिकामं ठेवलं का? नाही. मालेगावचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले, मग शेकापचे दत्ता पाटील, मग मृणाल गोरे, मग पुन्हा दत्ता पाटील. आज ठाकरेंकडे बरोबर तेवढेच २० आहेत जेवढे तेव्हा जनता पक्षाकडे होते. दत्ता पाटलांच्या मागे तर १३च. आणि सत्तेत कोण होतं? काँग्रेसच. म्हणजे लोकसभेत काँग्रेसने जे दिलं नाही ते याच महाराष्ट्रात काँग्रेसच्या राज्यात दिलं गेलं.

आता दहा टक्क्यांबद्दल. हा आकडा पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या काळातला, म्हणजे आपल्याच मराठी माणसाचा. सभागृहाच्या गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला, किमान एक दशांश सदस्य लागतात, तेवढी गणपूर्ती जो एकट्याच्या बळावर राखू शकेल त्याला संसदीय पक्ष म्हणून मान्यता द्यावी, असा त्यामागचा विचार. ती पक्षाच्या मान्यतेची कसोटी होती. पुढे १९७७ साली संसदेने विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा कायदा केला. त्यात व्याख्या एवढीच: विरोधातल्या सर्वाधिक सदस्यसंख्येच्या पक्षाचा सभागृहातला नेता, ज्याला अध्यक्षांनी किंवा सभापतींनी तशी मान्यता दिली आहे. टक्केवारी तिथे नाही.

२०१५च्या दिल्ली विधानसभेत भाजपचे तीन आमदार होते. ७० पैकी तीन! अध्यक्ष रामनिवास गोयल आम आदमी पक्षाचे. त्यांनी विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली.

डोंबिवली फास्ट लोकल

१९८६चं उदाहरण वजनदार आहे, मान्य. पण वकीलसाहेब, तुम्हीच दिलेल्या व्याख्येतला शेवटचा तुकडा पुन्हा वाचा: "अध्यक्षांनी मान्यता दिली आहे". म्हणजे कायद्यानेच तो अधिकार अध्यक्षांच्या हाती सोपवला. दिल्लीच्या अध्यक्षांनी एका पद्धतीने वापरला, गुजरातमध्ये दुसऱ्या पद्धतीने. २०२२ला काँग्रेसचे तिथे १८२ पैकी १७ आले, पद मिळालं नाही. आंध्रात २०२४ला जगनमोहन रेड्डींचे १७५ पैकी ११ आले. कालपर्यंत मुख्यमंत्री असलेला माणूस, त्यालाही पद नाही. तिथली सत्ताधारी तेलुगू देसम म्हणजे तीच, जिला १९८४ला पद नाकारलं गेलं होतं. प्रत्येक सभागृहाचा अध्यक्ष आपापला निर्णय घेतो. तुम्हाला निर्णय आवडला नाही म्हणून तो बेकायदा होत नाही.

जुना कसबेकर

निर्णय घेतला असता तर हा धागाच काढला नसता. गुजरातेत आणि आंध्रात निदान "नाही" तरी ऐकायला मिळालं. इथे उत्तरच नाही.

आणि बंगला-गाडीवर अडकू नका. या पदाचं खरं काम नेमणुकांमध्ये आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. राज्य मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष-सदस्य निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेता असतात. विधान परिषद असलेल्या राज्यात परिषदेचे सभापती आणि तिथला विरोधी पक्षनेताही. आज महाराष्ट्रात यातून दोन्ही विरोधी पक्षनेते वजा करा. उरतात ते सगळे सत्ताधारी बाजूचे. कायद्यात असंही म्हटलं आहे की समितीतली एखादी जागा रिकामी आहे एवढ्याच कारणाने नेमणूक अवैध ठरणार नाही. कोठडीत पोरगं मेलेल्या आईने ज्या आयोगाकडे दाद मागायची, तो आयोग फक्त सरकारने निवडलेला असणार. हा प्रश्न ठाकरे किंवा काँग्रेसच्या मानपानाचा राहत नाही.

माहितीचा अर्ज

कसबेकरांच्या मुद्द्याला एक जोड. माहिती अधिकाराच्या कायद्यात, २००५ साली, ही अडचण आधीच ओळखली होती. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभेतला विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री. त्याखाली स्पष्टीकरण आहे: विरोधी पक्षनेत्याला मान्यता दिलेली नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता मानला जाईल. सीबीआय संचालकांच्या निवडीसाठी २०१४ साली अशीच दुरुस्ती मोदी सरकारनेच केली. म्हणून तर लोकसभेतले काँग्रेसचे नेते मल्लिकार्जुन खर्गे त्या समितीत बसले आणि जानेवारी २०१९ मध्ये सीबीआय संचालक आलोक वर्मांना हटवताना त्यांनी लेखी विरोध नोंदवला.

लोकपालच्या बाबतीत मात्र ही दुरुस्ती झाली नाही. खर्गेंना "विशेष निमंत्रित" म्हणून बोलवत राहिले. मत नसलेल्या खुर्चीवर बसायला ते तयार झाले नाहीत. मार्च २०१९ मध्ये पहिला लोकपाल विरोधी पक्षनेत्याविनाच नेमला गेला. एकाच सरकारच्या काळात एका समितीत विरोधकाला मत आणि दुसरीत नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

वऱ्हाडी बाणा

कायद्याचं झालं असेल तर मी जरा जमिनीवरचं बोलतो. हे पद असून तरी सामान्य माणसाला काय मिळालं ते पाहा.

नारायण राणे विरोधी पक्षनेते होते. २००५ला शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. २०१४ला एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले, काही आठवड्यांत शिवसेना सरकारात गेली आणि तेही मंत्री झाले. त्यांच्यानंतर राधाकृष्ण विखे पाटील. २०१९ला ज्या सरकारवर टीका करायची त्याच सरकारात मंत्री. २०२२ला अजित पवार विरोधी पक्षनेते, २ जुलै २०२३ला उपमुख्यमंत्री. एवढी नावं एका राज्यात! सरकारशी सौदा करायची ही सर्वांत उंच जागा झाली आहे. मग ती रिकामी राहिली तर माझ्या कापसाचा भाव कमी होणार आहे का?

आणि विरोधकांचं तरी एकमत कुठे आहे? विधानसभेत ठाकरेंचा दावा, परिषदेत काँग्रेसचं सतेज पाटलांचं नाव. अधिवेशनाआधी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार, मग विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक, संध्याकाळी पत्रकार परिषद. वर्षानुवर्षं हेच.

तेरणाकाठ

दादा, तुमचा राग कळतो, पण मी धाराशिव जिल्ह्यातून लिहिते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे जे पाणी आलं त्यात शेतातली मातीसुद्धा गेली. सोयाबीन गेलं ते वेगळंच. पुढाऱ्यांचे दौरे झाले, सगळ्या पक्षांचे. ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नवी मदत किती, आधीच्या योजनांतले पैसे किती, खरडून गेलेल्या जमिनीला नेमकं काय मिळणार, हे आम्हाला कुणीतरी सरकारकडून वदवून घ्यायला हवं होतं. विरोधी पक्षनेता उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते कामकाजात नोंदलं जातं. साध्या आमदाराला त्याची लक्षवेधी सूचना कामकाजात लागायची वाट बघावी लागते. पायऱ्यांवरची घोषणा कुठे नोंदली जात नाही. त्या नोंदीचा कागद हातात असला की तहसीलला जाऊन भांडता येतं.

तुम्ही म्हणता तशी माणसं पळाली, खरं आहे. गावातला तलाठी लाचखोर निघाला म्हणून आपण तलाठ्याचं पद रद्द करा म्हणतो का? माणूस बदला म्हणतो.

टेम्सकाठचा सातारकर

लंडनहून लिहितोय, थोडक्यात. इथे विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार १९३७ पासून आहे. व्याख्या आपल्या १९७७च्या कायद्यासारखीच: विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता. टक्क्यांची अट नाही. शंका आली तर अध्यक्ष ठरवतात, पण इथला अध्यक्ष निवडून आला की आपला पक्ष सोडतो. आपण व्याख्या जवळपास तशीच ठेवली, पण अध्यक्षाने पक्षापासून दूर व्हायची प्रथा आणली नाही. डोंबिवलीकरांचा "अध्यक्षांचा अधिकार" हा मुद्दा मला त्यामुळेच लंगडा वाटतो. अधिकार निष्पक्ष माणसाला दिला आहे असं कायदा गृहीत धरतो.

डोंबिवली फास्ट लोकल

अध्यक्षांनी पक्ष सोडावा ही सूचना मला मान्य आहे, पण ती १९६० पासूनच्या सगळ्या अध्यक्षांना लावा. एकाच नावावर बोट ठेवू नका.

तेरणाकाठच्या ताई, तुमच्या नोंदीच्या मुद्द्याने मी थोडा विचारात पडलो. तरीही माझा प्रश्न कायम आहे. आज कसबेकर आणि वकीलसाहेब जे मागताहेत, ते उद्या त्यांच्या आवडीचं सरकार २३० जागांनी आलं आणि समोर भाजपचे १८ असतील तेव्हाही मागतील का? इथे स्पष्ट लिहा.

वकिली चष्मा

हो. लिहून देतो. अठरा काय, तीन असले तरी.

त्यासाठी कुणाच्या मर्जीवर विसंबायची गरज नाही. १९७८च्या राज्याच्या कायद्यात माहिती अधिकारातल्यासारखं एक स्पष्टीकरण घाला: विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाने नाव दिल्यापासून तीस दिवसांत अध्यक्षांनी लेखी निर्णय द्यावा, न दिल्यास मान्यता मिळाली असं समजावं. दोन पक्षांची संख्या सारखी असेल तेवढाच निवाडा अध्यक्षांकडे राहील. वऱ्हाडी बाणा यांच्या तक्रारीवरही एक कलम घालता येईल, की विरोधी पक्षनेता राहिलेल्याला त्याच विधानसभेच्या मुदतीत मंत्रिपद नाही. घटनेच्या कसोटीवर हे दुसरं कलम टिकेल का याबद्दल मला शंका आहे, पहिल्याबद्दल नाही.

वऱ्हाडी बाणा

दुसरं कलम आधी आणा, पहिल्याला मी सही देतो.

जुना कसबेकर

दोन्ही एकाच अशासकीय विधेयकात घालता येतात. ते मांडायला विरोधी पक्षनेता असावा लागत नाही, एक आमदार पुरतो. डोंबिवलीकर, तुमचा आमदार सत्ताधारी बाजूचा आहे. त्यांना पत्र लिहिणार असाल तर मसुदा मी आणि वकीलसाहेब मिळून तयार करतो. अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी ते त्यांच्या हाती पडायला हवं.