जीझेड३४: जुनी मुलार्ड की नवी ५एआर४? फरक नक्की कशाचा?

निषाद_रे

माझा ट्यूब अँप ईएल३४ (स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्यूब) पुश-पुल (दोन ट्यूब आळीपाळीने जोर लावतात), कॅथोड बायसचा (ट्यूबचा करंट तिच्या कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरतो). रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) एकच, ५एआर४; जीझेड३४ हे तिचंच युरोपीय नाव. आजवर अँपसोबत आलेली नवी ट्यूबच चालू होती. मित्राने ब्रिटिश कंपनी मुलार्डची जुनी जीझेड३४ ऐकायला दिली आणि पहिल्याच बैठकीत फरक कळला. गायकाच्या मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो. डग्गा आधी नुसता घुमायचा, आता थाप कुठे पडली ते समजतं.

पण रेक्टिफायरमधून तर संगीत जात नाही, मग हे येतं कुठून? मित्राकडे तशीच आणखी एक आहे आणि तो द्यायला तयार आहे. घेऊन ठेवू का?

मंद्रसप्तक

विचार कसला करताय? घ्या. जुन्या ट्यूबची सर नव्याला नाही. मी ५यू४जीबीपासून २७४बीपर्यंत सगळ्या रेक्टिफायर ट्यूब ऐकल्या आहेत, प्रत्येकीचा रंग वेगळा.

सोल्डरवाला

मंद्रसप्तक, कानाला मी खोटं ठरवत नाही. फरक ऐकू आला म्हणजे काहीतरी बदललंय. ते काय, हे मोजायच्या आधीच सगळं श्रेय ब्रँडला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

निषाद, "रेक्टिफायरमधून संगीत जात नाही" हे अर्धंच खरं आहे. आउटपुट ट्यूबचा करंट शेवटी पॉवर सप्लायमधूनच येतो. एबी क्लासमध्ये (पुश-पुल अँपची नेहमीची पद्धत, करंट आवाजासोबत वाढतो) डग्ग्याची जोरदार थाप आली की करंटची मागणी एकदम वाढते, फिल्टर कपॅसिटर रिकामा होऊ लागतो आणि तो पुन्हा भरायचं काम रेक्टिफायरकडे येतं. त्याचा रोध जास्त असेल तर बी प्लस (ट्यूबना मिळणारा मुख्य डीसी व्होल्टेज) खाली बसतो. डेटाशीट काढून बघा: प्रत्येक प्लेटला (अशा ट्यूबमध्ये दोन, एसीच्या एकेका अर्ध्या फेरीसाठी) २२५ मिलिअँपिअर असताना ५यू४जी ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब ४४ व्होल्ट खाते (हाच तिचा ड्रॉप), जीझेड३४ फक्त १७. अँपमध्ये बाकी काहीही न बदलता एवढी तफावत! त्यात कॅथोड बायस असेल तर बी प्लससोबत ईएल३४चा करंटही सरकतो. मंद्रसप्तक म्हणतात त्या "रंगा"चा बराच भाग इथून येतो. (आणि ५यू४जीचं फिलामेंट, म्हणजे ट्यूब तापवणारी तार, ३ अँपिअर मागतं, जीझेड३४चं १.९. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं ५ व्होल्टचं वाइंडिंग २ अँपिअरचं असेल तर ५यू४जी हौसेनेही लावू नका.)

आता तुमच्या दोन्ही ट्यूब नावाला एकच, तरी त्यांचा ड्रॉप सारखा असेलच असं नाही. म्हणून हे करा. मल्टिमीटरची काळी वायर क्लिपने चॅसीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) लावा, एक हात खिशात ठेवा आणि पहिल्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज घ्या. मग ईएल३४च्या कॅथोड रेझिस्टरवरचा. दोन्ही ट्यूबना तेवढाच वेळ तापू द्या. आकडे इथे टाका.

खरेदीबद्दल माझं मत वेगळ्या कारणाने "घ्या" असंच आहे. जुन्या जीझेड३४ची थोरवी मला तिच्या सोसण्यात दिसते. १९५९चा डायनाको स्टिरिओ ७० हा अँप घ्या: चार ईएल३४, प्रत्येकी साधारण ५० मिलिअँपिअर, वर ड्रायव्हर, आणि हे सगळं एका ५एआर४वर, जिची कमाल मर्यादा २५० आहे. आराम असा नाहीच. तरी तशा अँपमध्ये जुन्या ट्यूब वर्षानुवर्षं चालल्या. माझ्याकडे एका नव्या ट्यूबने स्विच टाकताच आत निळा लोळ दाखवला आणि फ्यूज गेला. त्याच सॉकेटात जुनी ब्लॅकबर्नची (मुलार्डच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातली) आजही चालते. नव्या सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही, काही मजबूत निघतात. पण त्यांच्या बाबतीत पहिल्या कपॅसिटरला ६० मायक्रोफॅरडच्या मर्यादेपर्यंत नेऊ नका, बरंच खाली ठेवा.

घेताना छापलेल्या नावावर जाऊ नका. ब्लॅकबर्नचा माल दुसऱ्या कंपन्यांच्या शिक्क्यानेही विकला गेला, आणि शिक्का आज कोणीही मारू शकतो. काचेवर खाली कोरल्यासारखा फिकट कोड असतो. उजेड तिरपा धरला की दिसतो. पहिली ओळ ट्यूबच्या प्रकाराची, दुसरीत ब्लॅकबर्नसाठी बी, मग वर्षाचा आकडा आणि महिन्याचं अक्षर. आणि दोन्ही प्लेट सारखा करंट देतात का, ते ट्यूब टेस्टरवर बघून घ्या. एक बाजू थकलेली असेल तर ५० हर्ट्झच्या मेन्सवर हमचा (स्पीकरमधल्या घुंघुं आवाजाचा) मूळ सूर १००ऐवजी ५०वर उतरतो. तो कानालाही कळतो.

निषाद_रे

मोजलं. नवी: ४२१ व्होल्ट, कॅथोडवर २९.१. जुनी: ४३३ आणि ३०.०. म्हणजे १२ व्होल्टच ऐकत होतो का मी?

सोल्डरवाला

सगळं नाही, पण त्यातलं बरंच. डिमरस्टॅट (मेन्सचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर जुनी ट्यूब लावून मेन्स थोडा उतरवा, पहिल्या कपॅसिटरवर ४२१ येईपर्यंत. तीन टक्क्यांच्या आसपास उतरवावा लागेल, फिलामेंटना तेवढं चालतं. ट्यूब दुसऱ्या कोणालातरी बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा.

निषाद_रे

केलं. पत्नीने ट्यूब बदलल्या, मी भिंतीकडे तोंड करून. डग्ग्यातला फरक जवळजवळ गेला. तानपुऱ्याचा थोडा उरलाय असं वाटतं, पण पैज लावणार नाही. आणि तरीही दुसरी जीझेड३४ घेतोय, तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी.

कपॅसिटर_काका

मधेच विचारतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सिलिकॉन डायोड लावले तर?

सोल्डरवाला

काका, ड्रॉप जवळजवळ शून्य झाला की बी प्लस आणखी चढतो, आणि ईएल३४ थंड असतानाच सगळा व्होल्टेज हजर होतो. जीझेड३४चा कॅथोड सावकाश तापतो, तोवर बाकीच्याही तापतात. ही सोय मी सोडणार नाही.

मात्र डायोड ट्यूबच्या *सोबत* जरूर लावा. निषाद, ही दुरुस्ती दुसरी ट्यूब घालण्याआधी करून घ्या. ट्रान्सफॉर्मरची वायर आणि ट्यूबची प्लेट यांच्या मध्ये १एन४००७ हा सिलिकॉन डायोड, पट्टीची बाजू प्लेटकडे. वाइंडिंग २ × ४०० व्होल्टचं असेल तर उलटा व्होल्टेज ११३० पर्यंत जातो आणि एक डायोड १०००चाच असतो, म्हणून प्रत्येक प्लेटला दोन सिरीजमध्ये. ट्यूब आत शॉर्ट झाली तरी एसी कपॅसिटरपर्यंत पोचत नाही आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आवाजाची काळजी नको, शेवटचा ड्रॉप ट्यूबचाच राहतो.

आणि अँप बंद करून लगेच चालू करू नका. कॅथोड गरम, कपॅसिटर रिकामा, अशा वेळी थंड सुरुवातीपेक्षाही मोठा झटका बसतो. दोन-तीन मिनिटं थांबा. सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मीटरवर शून्य बघून मगच हात घाला.