राइडची रांग आणि वेगळ्या पैशाचं तिकीट: आपल्या भागातल्यांनी अनुभव लिहा

धागा सुरू करणारी, टिळकवाडी, बेळगाव

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या बुकिंग ऑफिसात बेंगळूर, खोपोली, हैदराबादच्या पार्कांची चौकशी सुरू होते. पूर्वी लोक विचारायचे, बस किती वाजता आणि जेवण धरून किती. आता हमखास तिसरा प्रश्न येतो, "ते फास्टवालं तिकीट काढावं काय ओ?" म्हणजे जादा पैसे भरून लांब रांग टाळायचं तिकीट. याला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही, म्हणून हा धागा.

थोडं मागचं सांगते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्ड पार्कनं १९९९ मध्ये फास्टपास आणला, तेव्हा राइडची वेळ राखून ठेवायला वेगळे पैसे पडत नव्हते. २०१४ पर्यंत कागदी चिठ्ठी जाऊन वेळ मोबाईलवरही राखता येऊ लागली, तरी फुकटच होतं. कोरोनात ते थांबलं आणि परत आलंच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून जीनी प्लस नावानं माणशी दिवसाला १५ डॉलर लागू लागले. जुलै २०२४ पासून त्याचंच नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. आपल्याकडे बेंगळूरजवळ बिडदीच्या वंडरला पार्कात फास्टट्रॅकचं महाग तिकीट वेगळं मिळतं. थोडक्यात, रांगेत न उभं राहण्याची सोय आता वेगळी विकली जाते.

पैसे घ्यायला माझी हरकत नाही. पण साधं तिकीट काढणाऱ्याला खिडकीवरच स्पष्ट सांगायला पाहिजे की तुमची रांग यामुळं हळू सरकणार. तुम्ही काय घेतलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि पोरांचं काय झालं, ते लिहा. तक्रार असेल तर पार्कचं नाव नको.

निपाणी

आम्ही जावाजावा पोरांना घेऊन रात्रीच्या स्लीपरनं गेलो होतो. साधी तिकिटं काढली, कारण फरकाचे पैसे सगळ्यांचे मिळून धरले तर त्यात परतीचं बसभाडं निघत होतं. सकाळी रांगा चांगल्या सरकल्या. दुपारी मोठ्या रोलर कोस्टरपाशी आलो आणि तिथं अडलो.

शेवटच्या वळणावर दोन रांगा एकत्र येतात. तिथं एक पोरगा साखळी धरून उभा होता. पलीकडून मनगटाला रंगीत पट्टा बांधलेली फास्ट तिकीटवाली माणसं आली की आमची साखळी लागायची. गाडीतल्या बहुतेक जागा त्यांना, उरल्या तर आमच्यातले दोघं-चौघं आत. मी बराच वेळ ते बघत होते. गाडीला जागा ठरलेल्या, एका फेरीला लागणारा वेळही ठरलेला. मग त्यांचा जेवढा वेळ वाचत होता, तेवढा आमच्याच रांगेतनं जात होता, दुसरीकडून कुठून येणार? त्या पोरावर राग नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता बिचाऱ्याचा, आणि तो सांगितलेलं काम करत होता. पण जावेचा मुलगा मोठ्यानं ओरडला, "आम्ही बी पैसे भरलाव की!" मी त्याला गप्प केलं नाही.

हिंडलगा

मी फास्टचं तिकीट घेतो आणि आनंदानं घेतो. बेळगावहून बेंगळूर पाचशे किलोमीटर. रात्रभर बसमध्ये काढून पोहोचायचं, दिवसभर पार्क, रात्री परत बस. बेंगळूरचा माणूस पुढच्या रविवारी पुन्हा जाईल, आम्ही परत कधी जाणार? तिरुपतीला तीनशे रुपयांचं दर्शन आपण वेळ ठरवून काढतोच ना, तसंच हे. फक्त पट्टा कुठल्या राइडला चालतो ते आधी वाचून घ्या, सगळ्यांनाच चालेल असं धरू नका.

शहापूर, बेळगाव

मुलगा अमेरिकेत असतो. आमच्या पहिल्या भेटीत फ्लोरिडाच्या डिस्नीत कागदी चिठ्ठ्या होत्या. राइडच्या दाराशी यंत्र असायचं, त्यात आपलं प्रवेशाचं तिकीट घालायचं की चिठ्ठी बाहेर यायची. तीवर तासाभराची वेळ छापलेली. तोवर खा, फिरा, सावलीत बसा, त्या वेळेत आलात की छोट्या रांगेतनं आत. पुढची चिठ्ठी लगेच मिळत नसे, मध्ये थांबावं लागे, त्यामुळं एकानंच सगळ्या उचलल्या असं होत नव्हतं. गाजलेल्या राइडच्या मात्र लवकर संपायच्या. आमच्या ह्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण पुढच्या माणसाकडे बघून यंत्र बरोबर जमलं. मग सगळ्यांची तिकिटं गोळा करून हेच पुढं पळायचे, आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावायचे.

परवाच्या भेटीत सगळं सुनेच्या फोनवर. पार्कच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी राखून ठेवता येतं, बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी. तिकडं सकाळी सातला बुकिंग उघडतं, तेव्हा उन्हाळ्यात इकडं दुपारचे साडेचार. आम्ही अजून शहापुरातच होतो. व्हिडिओ कॉलवर ती विचारत होती, "आई, उंचावरनं पडणारी नको ना तुम्हाला?" आधी तीन राइड निवडायच्या. त्यातही मॅजिक किंगडम या तिथल्या एका पार्कात जास्त मागणीच्या गटातनं एकच मिळते. एक वापरून झाली की पुढची घ्यायची. सगळ्यांत गर्दीच्या एक-दोन राइडना आणखी वेगळे पैसे, आणि दर तारखेप्रमाणे, पार्काप्रमाणे बदलतात. एकदा राइड मध्येच बंद पडली, तर आमची वेळ वाया गेली नाही, दुसऱ्या राइडला वापरता आली.

वेळ पुष्कळ वाचला, ह्यांच्या गुडघ्यांना बरं पडलं. पण दिवसभर हे गप्प गप्प होते. पहिल्या वेळी सगळ्यांना फिरवणारा माणूस, आता सून म्हणेल तिकडं मागनं चालायचं. मला ते फार लागलं. वय झालेल्या माणसाला स्वतःच्या हातानं करता येईल असं एक यंत्र तरी ठेवायला काय हरकत होती?

भालकी

आम्हाला हैदराबाद जवळ. शाळा चालू असताना मधल्या वारी गेलो, रांगच नव्हती. जादा पैसे लागले नाहीत. सुट्टी काढता येत असेल तर एवढंच करा.

खानापूर तालुका, मराठी शाळेतली शिक्षिका

डिसेंबरच्या सहलीचं सांगते. पैसे गोळा करताना एक पालक म्हणाले, माझ्या मुलीचं फास्ट तिकीट काढा, वरचे पैसे मी देतो. चांगला माणूस, हेतूही चांगला. आम्ही शिक्षकांनी बसून विचार केला. एका वर्गातली एक मुलगी पट्टा बांधून पुढं जाणार आणि तिच्या मैत्रिणी साखळीच्या अलीकडे उभ्या राहणार, हे मला बघवलं नसतं. काढायचं तर सगळ्यांचं, नाहीतर कुणाचंच नाही, असं ठरलं. सगळ्यांचं परवडणार नव्हतं. त्या पालकांना मी घरी जाऊन सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

मुलांचे गट पाडले आणि गेट उघडल्याबरोबर थेट मोठ्या राइडकडे नेलं, पाण्याचे खेळ दुपारनंतर ठेवले. तरी एका रांगेत मुलं रडकुंडीला आली. एकजण म्हणाला, "बाई, तेनी मागनं आल्यात आनी फुडं गेल्यात की ओ!" त्यांनी जास्त पैसे दिलेत, एवढंच उत्तर होतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते देताना मला बरं वाटलं नाही. शाळांच्या सहलींसाठी पार्कांनी सकाळचा एखादा तास तरी सगळ्यांना सारखी रांग ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

अनगोळ, सध्या जपानात

टोकियोच्या डिस्नीत विकतची आणि फुकटची, दोन्ही सोयी बघितल्या. प्रीमियर ॲक्सेस विकत, राइडप्रमाणे साधारण दीड ते अडीच हजार येन. आणि २०२३ पासून काही राइडना प्रायॉरिटी पास, तो फुकट. दोन्ही अ‍ॅपवरच, आणि पार्कात शिरल्यावरच घेता येतात, घरी बसून आधी नाही. आईबाबा आले तेव्हा आत पाऊल टाकताच फुकटचा पास घेतला, नंतर एकाच राइडला पैसे भरले. ज्याला परवडत नाही त्यालाही दिवसात काहीतरी राखीव मिळतं. मला ही पद्धत सगळ्यांत न्यायाची वाटली.

हल्याळ

भावाचा मुलगा स्वमग्न आहे, ते अमेरिकेत असतात. त्याला गर्दीच्या रांगेत उभं राहता येत नाही. डिस्नीत अशा मुलांसाठी वेगळी सोय आहे, तिला पैसे पडत नाहीत. २०२४ मध्ये तिचे नियम कडक झाले. आता आधी व्हिडिओ कॉलवर बोलून परवानगी घ्यावी लागते. वहिनीनं घरूनच ते करून घेतलं, म्हणून गेटवर धावपळ झाली नाही. आपल्याकडच्या पार्कांत असं काही असतं का, कुणाला माहीत असेल तर लिहा.

चिकोडी

प्रश्न विचारतो. आई सत्तरीची, दोन मुलं, आम्ही दोघं. सगळ्यांचं फास्ट काढू का?

धागा सुरू करणारी

आईंचं काढू नका. त्या ज्यात बसतील त्या राइडना बहुतेक गर्दी नसते. आधी घरीच दोन्ही मुलांची उंची मोजा आणि पार्कच्या साइटवर उंचीची अट बघा. उंची कमी पडली तर फास्टच्या पट्ट्यावरही आत सोडत नाहीत आणि ते पैसे फुकट जातात. मोठा मुलगा बसत असेल तर त्याचं आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या एकाचं काढा, बाकी सगळ्यांना साधं. एका कुटुंबात वेगवेगळी तिकिटं चालतात का, हे मात्र पैसे भरायच्या आधी पार्कला फोन करून विचारून घ्या. शनिवार-रविवारचे दर वेगळे असतात, तेही त्याच फोनवर विचारा.