आरमारी सिनेमात वारा खोटा असेल तर बाकीचं खरं घेऊन करायचं काय?

बिंदुसरा (बीड)

परवा मित्रमंडळींत शिडाच्या जहाजांच्या लढायांवरचे सिनेमे निघाले आणि दहा मिनिटांत गाडी बटणांवर घसरली. कोटाला बटणं किती, पगडीचा पीळ कुठल्या बाजूला, तलवार त्या काळातली की नंतरची. शेवटी एकानं निकाल दिला, "एवढं जमलं की सिनेमा ऐतिहासिक." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

शिडाच्या लढाईत सगळ्यात मोठा सरदार वारा. कुणी कुणावर चालून जायचं, कुणी पळायचं, लढाई आज होणार की उद्या, हे तोच ठरवतो. चौकोनी शिडांचं मोठं जहाज वारा जिकडून येतो तिकडे सरळ जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६७ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावं लागतं. म्हणून ज्याच्याकडे वाऱ्याची बाजू, त्याच्याकडे मर्जी. आणि पडद्यावर काय दिसतं? नायक "हल्ला!" म्हणाला की जहाज ट्रॅक्टरसारखं वळतं.

एकदा शिडं आणि निशाण एकाच नजरेत धरून बघा. शिडं पुढे फुगलेली, म्हणजे वारा पाठीमागून. डोलकाठीवरचं निशाण मात्र मागे फडफडतंय. खळ्यावर उभं राहून ज्यानं एकदा तरी धान्य उपणलंय त्याला हे दिसल्याबरोबर हसू येईल. वारा एकच असतो, भूस एकीकडे आणि फोल दुसरीकडे असं होत नाही.

माझं म्हणणं एवढंच: बटणं चुकली तर चालतील, वारा चुकला तर लढाईच खोटी.

औसा रोड (लातूर)

सर, तुम्ही म्हणायलाव ते पुस्तकात बरोबर आसंल. पण सिनेमाला मी लेकरांना घेऊन जातो, परीक्षेला नाही.

ट्रफाल्गरची आरमारी लढाई बघा, १८०५, इंग्रज एकीकडं आन् फ्रेंच-स्पॅनिश दुसरीकडं. सकाळी सहाच्या सुमाराला शत्रूची गलबतं दिसली आणि पहिला गोळा उडाला दुपारी बाराच्या आसपास. कामून? वारा मंद. माणूस चालंल त्या चालीनं जहाजं सरकायली. आता हे खरं दाखवायचं म्हणलं तर मध्यंतरापर्यंत पडद्यावर काय, शिडं आन् जांभया? प्रेक्षक पॉपकॉर्न संपवून घरी जाईल.

निशाण कुठं उडतंय हे थेटरात पाच माणसं बघत असतील. बाकीच्या पाचशेंना भीती वाटली का, छाती भरून आली का, एवढंच कळतं. खरं सांगू का, हा हौशी लोकांचा खेळ झाला.

बिंदुसरा (बीड)

त्या सहा तासांतच तर सगळं आहे, दादा. इंग्रज सेनापती नेल्सनची जहाजं पाठवाऱ्यावर दोन रांगांनी शत्रूच्या रांगेवर सरळ काटकोनात चालली होती. तोफा जहाजाच्या बगलेला असतात, समोर नाहीत. म्हणजे समोरचे मारतायत आणि तुम्ही उत्तर देऊ शकत नाही. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर १०४ तोफा होत्या, तरी साधारण चाळीस मिनिटं ते जहाज नुसता मार खात पुढे सरकत राहिलं. वरचं सुकाणूचं चाक गोळ्यानं उडालं, मग खालच्या मजल्यावरून सुकाणूचा दांडा माणसं लावून फिरवला. वरून हुकूम ओरडायचा, खाली ज्यांना बाहेरचं काही दिसत नाही त्यांनी जहाज वळवायचं.

हा प्रसंग लेकरांना कंटाळवाणा वाटेल? वारा जोरात दाखवलात तर चाळीस मिनिटांची पाच होतात आणि त्या माणसांचं धाडसही तेवढंच लहान होतं. तुम्हाला हवी ती भीती खऱ्या वाऱ्यातच आहे.

गोदाकाठच्या बाई (नांदेड)

मी इतिहास शिकवते, म्हणून दोन शब्द. तुम्ही दोघं वाऱ्यावरच भांडताय, आणि मला वाटतं हीच पळवाट आहे.

'मास्टर अँड कमांडर' हा २००३ चा सिनेमा घ्या. दोर, शिडं, तोफा, जहाजावरचं जगणं, सगळ्यांचं कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. पण मूळ कादंबरीत शत्रूचं जहाज अमेरिकी आहे, १८१२ च्या युद्धातलं. सिनेमात काळ मागे नेऊन १८०५ केला आणि शत्रू फ्रेंच केला. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला आपलंच जहाज खलनायक म्हणून बघायला कसं वाटलं असतं, हे कळायला फार डोकं लागत नाही. वारा खरा, शत्रू खोटा! याला तुम्ही अचूक म्हणणार का?

आता आपल्याकडे या. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून वॉटसनची इंग्रज जहाजं होती, क्लाइव्ह सोबत होता, आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. इंग्रजांशी हातमिळवणी नानासाहेबांनी केली होती, आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग याच मार्गानं पडला होता. हे दाखवायची कुणाची छाती आहे? तुम्ही निशाणाची दिशा तपासत बसाल आणि दिग्दर्शक पेशव्यांची फौज चित्रातून गुपचूप गाळून टाकेल. पोरांच्या डोक्यात तेच राहील. मी वर्गात रोज बघते, धडा विसरतात पण सिनेमातला प्रसंग तोंडपाठ असतो.

जिंतूरकर (परभणी)

बाई, शंभर टक्के. पण वस्तूंचंही सोडू नका हो. काही चुका इतक्या स्वस्तात टाळता येतात की राग येतो.

एक, गोळ्यांचे स्फोट. जहाजावरच्या तोफेचा गोळा म्हणजे भरीव लोखंड, तो फुटत नाही. तो लाकडी भिंत फोडून आत येतो आणि लाकडाच्या टोकदार चिरफळ्या उडतात. माणसं मरायची ती बहुतेक त्या चिरफळ्यांनी. पडद्यावर मात्र प्रत्येक गोळ्याला पेट्रोल पंप उडाल्यासारखी आग.

दोन, चाक. सुकाणूला चाक आलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. शिवकाळातल्या जहाजावर चाक फिरवणारा खलाशी दिसला की मी टीव्ही बंद करतो.

तीन, तिरक्या लाल पट्ट्यांसकट आजचा युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचं निशाण. त्यातली लाल तिरकी फुली १८०१ नंतरची. १६७९ च्या इंग्रज जहाजावर तो लावणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या पत्रावर पोस्टाचं तिकीट.

आणि धूर. काळ्या दारूचा पहिला मारा झाला की समोरचं जहाज दिसत नसे. आमच्या सिनेमात दहा तोफा उडाल्यावरही नायकाच्या कपाळावरचं गंध स्पष्ट.

पडद्यामागचा (छत्रपती संभाजीनगर)

मी ग्राफिक्सच्या धंद्यात आहे, समुद्राचे शॉट केलेत, म्हणून आमची बाजू ऐका. निशाण उलटं का उडतं याला अज्ञान हे एकच कारण नाही.

जहाज म्हणजे बहुतेक वेळा अर्धं जहाज असतं. हलणाऱ्या चौथऱ्यावर डेक बांधलेला, मागे निळा पडदा, आणि वारा म्हणजे मोठाले पंखे. नट नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभा. दिग्दर्शकाला त्याचे केस मागे उडायला हवेत, कारण चेहरा दिसला पाहिजे. म्हणून पंखा समोर. आता बिंदुसरा सरांच्या हिशेबानं वारा पाठीमागून दाखवला तर महाराणा असो की दर्यावर्दी, सगळ्या झिपऱ्या तोंडावर येणार. हिरो डोळ्यातले केस काढत "जय भवानी" म्हणणार. चालेल?

शिडं नंतर संगणकात लावतात, ती लावणारा माणूस वेगळा, बऱ्याचदा शहरही वेगळं. त्याला सांगितलेलं असतं "भव्य दिसू द्या". भव्य म्हणजे फुगलेलं. झालं.

खरं जहाज वापरलं तरी गंमत तीच. प्रतिकृती इंजिनवर चालवतात, वेळापत्रक असतं. इंजिननं पुढे गेलं की निशाण मागे. पाणीही हट्टी असतं, छोट्या प्रतिकृतीजवळ थेंब मोठे दिसतात आणि जहाज खेळणं वाटायला लागतं. बाईंनी सांगितलेल्या त्या सिनेमातल्या वादळासाठी केप हॉर्नजवळ खऱ्या जहाजावरून समुद्र टिपून आणला आणि टाकीतल्या जहाजामागे जोडला. तेवढे पैसे मराठी निर्मात्याला द्या, मग वाऱ्याचं बोला. आमच्याकडे समुद्राच्या एका दिवसाचं भाडं ऐकून निर्माता कथा डोंगरात नेतो.

औसा रोड (लातूर)

हेच तर म्हणायलो मी! केस तोंडावर आलेला हिरो कुणाला पायजे.

आन् गंमत बघा, इथं वाऱ्यावर भांडणारे समदे आपण टँकरवाल्या जिल्ह्यातले. समुद्र बघायचा तर रात्रभर ट्रॅव्हल्सनं जावं लागतंय.

फर्दापूर फाटा

भाऊ, समुद्र लांब आहे म्हणून जहाज लांब होतं असं नाही. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतलं जहाज भिंतीवर आहे. तीन डोलकाठ्या, उभी उंच शिडं, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीनं लिहून ठेवलंय. आणि जंजिऱ्याचा सिद्दी ज्याच्या नोकरीत होता तो औरंगजेब आमच्या शेजारी खुलताबादेत पुरलाय. आपण बोलायचं नाही तर कुणी?

बिंदुसरा (बीड)

बाई, तुमचा मुद्दा मोठा आहे. पण वारा ही पळवाट आहे हे मी मानत नाही, उलट वारा गाळला की राजकारणही खोटं होतं. आपलंच उदाहरण देतो.

खांदेरी, १६७९. महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी अडवायला जहाजं लावली. ऑक्टोबरात महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याची पन्नासावर गलबतं त्यांच्यावर तुटून पडली, इंग्रजांची 'डव्हर' नावाची गुराब (दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज) आपल्या हाती लागली. पण 'रिव्हेंज' हे इंग्रजांचं मोठं जहाज एकटं उभं राहिलं आणि त्यानं आपल्या आरमाराला मागे रेटलं. आपली गलबतं खाडीच्या उथळ पाण्यात शिरली, तिथं 'रिव्हेंज'ला येता येईना.

उद्या यावर सिनेमा निघाला तर काय होईल ते लिहून देतो. 'रिव्हेंज' बुडणार, स्फोटासकट. कारण आपण हटलो हे दाखवणं म्हणजे अपमान. पण खरी गोष्ट किती सरस आहे! त्या दिवशी हटूनही बेट आपल्याकडेच राहिलं. इंग्रजांची जहाजं वाऱ्यावर अवलंबून, वारा पडला की जागेवर खिळलेली. आपल्या हलक्या होड्या वल्ह्यांवर, रात्रीच्या अंधारात दगड, माणसं, रसद घेऊन बेटाला लागत. डोळ्यांदेखत निसटतात ही इंग्रजांच्या पत्रव्यवहारातली नेहमीची तक्रार आहे. जानेवारी १६८० मध्ये त्यांनी नाद सोडला. वारा काढून टाका, मग हा विजय समजावून सांगायला बुडालेलं जहाजच लागेल.

आंग्र्यांचीही तीच रीत. कंपनीचा इतिहासकार ऑर्म लिहितो, गुराबीच्या पुढच्या टोकाला समोर मारणाऱ्या तोफा असत. वारा पडला की गलबतं वल्ह्यांनी गुराबी ओढत नेत. मोठ्या जहाजाच्या बगलेला न जाता पिछाडीला लागायचं, तिथं त्याच्या तोफा कमी. आधी शिडं-दोर तोडायचे, जहाज लुळं पडलं की चहूकडून चढायचं. आमच्या पडद्यावर मात्र मराठी गुराब इंग्रज जहाजाच्या बगलेला बगल लावून तोफा डागते. म्हणजे आपल्या माणसांची सगळी अक्कल काढून घेतली आणि वर त्यांनाच शूर म्हटलं.

गोदाकाठच्या बाई (नांदेड)

खांदेरीचं मान्य. पण सगळ्याच लढाया तुमच्या सोयीनं वाऱ्यावर ठरत नाहीत. विजयदुर्गला आरमार बंदरातच एकमेकांना बांधून उभं होतं. उखळी तोफेचा गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला, हे तुळाजीनं आधी कंपनीकडूनच जिंकलेलं जहाज. ते पेटलं आणि आग एकाकडून दुसऱ्याकडे जात सगळी गलबतं खाक. जिंतूरकर, उखळीचे गोळे फुटत असत, तेव्हा इथं तुमचा स्फोट खरा आहे बरं का.

तिथं प्रश्न वाऱ्याचा नव्हता. आरमार बंदरात कोंडलेलं का होतं आणि किनाऱ्यावरून कुणाची फौज वेढा घालून होती, हा होता. तांत्रिक अचूकतेचं एवढं कौतुक करू नका, ती विकत घेता येते. लेखकाला सांगायची हिंमत घेता येत नाही.

जिंतूरकर (परभणी)

उखळी तोफा मान्य, बाई. पण मग तो वरून कमान करून पडणारा गोळा दाखवा, बगलेतून सरळ आलेला नको. आणि हिमतीबद्दल म्हणाल तर ज्याला चाक दोन पिढ्या अलीकडचं आहे हे तपासायचा कंटाळा, तो पेशवे-इंग्रजांचा १७५५ चा तह कशाला वाचेल? आळस एकच असतो.

पडद्यामागचा (छत्रपती संभाजीनगर)

बिंदुसरा सर, तुमचा वारा पडलेला प्रसंग मला धंद्याच्या दृष्टीनं आवडला. शिडं लोंबलेली, निशाण खाली, पाणी सपाट, पंखे सगळे बंद. गलबतं वल्ह्यांनी गुराब ओढतायत. यापेक्षा स्वस्त समुद्र आम्हाला कुणी मागितलेला नाही. सपाट पाणी तर संगणकात चौपट लवकर रेंडर होतं, म्हणजे चित्र तयार होतं.

केसांचाही प्रश्न मिटला. फक्त वल्ही एका तालात मारणारी माणसं आणा, ग्राफिक्समध्ये ती कवायतीसारखी दिसतात. अलिबागकडे विचारावं लागेल.

औसा रोड (लातूर)

आन् तिकीट कितीला ठेवणार ते पण सांगा. बाईंचं विजयदुर्ग काढणार आसाल तर मी येतो, भाऊबंदकीचं आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाऱ्याचं तेवढं सरांना शेजारी बसवून विचारून घेईन.