गटातून बळ मिळतं, समाधान मात्र डॉक्टरांच्या हातात

वर दोघांनी लिहिलंय की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रुग्णगटांमुळे लोक अर्धवट माहितीवर डॉक्टरांशी हुज्जत घालतात. आमच्या घरचा अनुभव वेगळा आहे.

आईला आमवात आहे. त्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गटातल्या एका ताईंनी सुचवलं, पाकिटावर ठळक 'रविवार' लिहून ठेवा आणि फॉलिक अ‍ॅसिड (या गोळीचे दुष्परिणाम कमी करणारं जीवनसत्त्व) कधी घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. एरवी नुसती मान डोलावणारी आई पुढच्या वेळी प्रश्नांची चिठ्ठी घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बाहेर आली तेव्हा खूश होती. आधीच्या दवाखान्यात मात्र असंच काही विचारल्यावर "मग गूगललाच दाखवा" असं ऐकावं लागलं होतं. बळ गटातून येतं, पण उपचारांबद्दलचं समाधान समोरचा ऐकतो की नाही यावरच ठरतं.

आणि रुग्ण फक्त अफवा पसरवतात असंही नाही. लिथियम या औषधामुळे एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) मंदावतो असा एक छोटा इटालियन अभ्यास २००८ मध्ये आला. 'पेशंट्सलाइकमी' या रुग्णांच्या संकेतस्थळावरच्या काही रुग्णांनी लिथियम घेऊन स्वतःच्या नोंदी ठेवल्या. २०११ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, फायदा दिसला नाही. रीतसर चाचण्यांतही तेच निघालं.

आमच्या गटात डोस बदलायचा सल्ला दिला की पोस्ट लगेच काढतात. हा नियम प्रत्येक गटाने ठेवावाच.