पाचशे डॉलरांत जुन्या बेसबॉल कार्डांचा कोणता सेट जमवावा?

एडिसनकर

टॉप्स कंपनीचा एखादा जुना सेट एकेक कार्ड घेत पूर्ण करायचा आहे. बजेट ५०० डॉलर, तेही दीड वर्षात पसरून. ग्रेडिंग केलेली (दर्जा ठरवून घेतलेली), डबीत बंद कार्डं नकोत. बाईंडरमध्ये लावून पानं उलटता आली पाहिजेत. कोपरे झिजलेले चालतील, घडी पडलेली नकोत. पिचर नोलन रायन आणि होमरनवाला हँक ॲरन दोघेही सेटमध्ये हवेत. सध्या १९७१, १९७२ आणि १९७५ यांच्यात अडकलोय. १९७१ ची काळी किनार फार आवडते. यातला कुठला झेपेल, की भलताच काही बघू?

जुनापुठ्ठा

तुमच्या अटीनंच अर्धं काम केलंय. रायनचं पहिलं कार्ड १९६८ चं, खेळाडू म्हणून ॲरनचं शेवटचं १९७६ चं. म्हणजे निवड नऊ सेटांतच. त्यातला १९६८ लगेच बाजूला ठेवा. क्र. १७७, रायन आणि जेरी कूसमन यांचं जोडकार्ड, एकटंच तुमचं बजेट खाऊन टाकेल. म्हणून तर तो सेट बरेचदा 'रायन वगळून' विकायला असतो.

१९७१ आणि १९७२ चं दुखणं वेगळं आहे. तिथे खिसा स्टार खेळाडू कापत नाहीत, शेवटची सीरिज कापते. टॉप्स तेव्हा अख्खा सेट एकदम बाजारात आणत नसे. सीझनभर टप्प्याटप्प्यानं सीरिज यायच्या. शेवटची येईपर्यंत उन्हाळा सरलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे, दुकानदार माल कमी मागवणार. म्हणून ती कार्डं मुळातच कमी उरली. यांनाच हाय नंबर म्हणतात. १९७१ च्या ७५२ पैकी ६४४ ते ७५२ ही १०९ कार्डं, आणि १९७२ च्या ७८७ पैकी ६५७ ते ७८७ ही १३१. तिथला कुणाला नावही न आठवणारा राखीव पिचर पहिल्या सीरिजमधल्या बऱ्यापैकी नावाजलेल्या खेळाडूपेक्षा महाग पडतो. सुरुवातीची सहाशे कार्डं भराभर जमतात आणि माणूस पुढे वर्षभर तिथेच अडतो.

माझं मत: १९७४ घ्या. सगळी कार्डं सुरुवातीपासून एकदम बाजारात आलेला टॉप्सचा हा पहिला सेट. ६६० कार्डं. टॉप्सच्या छपाईच्या एका तावावर १३२ कार्डं बसत, म्हणजे बरोबर पाच ताव. कुठलं कार्ड कमी छापलं, कुठलं दुप्पट, ही भानगडच नाही. (१९७८ ला ७२६ कार्डं केली, सहा तावांवर ७९२ जागा, म्हणून ६६ कार्डं दोनदा छापली गेली.) कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंची कार्डं ठीकठाक अवस्थेत डॉलरच्या आत मिळतात, गठ्ठ्यानं घेतली तर त्याहून बरीच स्वस्त.

ॲरन तर यात एक नाही, सुरुवातीची सहाही कार्डं त्याचीच. क्र. १ वर त्याला होमरनचा नवा सम्राट म्हणून टाकलंय, आणि गंमत म्हणजे छापलं तेव्हा तो झालेलाच नव्हता! १९७३ चा सीझन त्यानं ७१३ होमरनवर संपवला होता, बेब रूथच्या ७१४ ला एक कमी. विक्रम मोडला ८ एप्रिल १९७४ ला. क्र. २ ते ६ वर त्याची १९५४ पासूनची सगळी जुनी कार्डं छोट्या आकारात आहेत. जी मूळ कार्डं तुम्हा-आम्हाला परवडणार नाहीत, ती निदान अशी तरी बाईंडरमध्ये येतात. रायन क्र. २०. डेव्ह विनफिल्डचं पहिलं कार्ड क्र. ४५६, डेव्ह पार्करचं २५२. माइक श्मिट २८३ वर आहे. त्याचं पहिलं १९७३ चं कार्ड हाय नंबरात अडकलंय, हे दुसऱ्या वर्षाचं म्हणून आवाक्यात.

घेताना 'पूर्ण सेट' या शब्दाला भुलू नका. सॅन डिएगो पॅड्रेझ संघ वॉशिंग्टनला जाणार अशी तेव्हा हवा होती, म्हणून त्यांची १५ कार्डं आधी 'वॉशिंग्टन' छापून निघाली आणि मागाहून दुरुस्त झाली. साधी सॅन डिएगोची घेतली तरी सेट पूर्णच धरतात. वॉशिंग्टनची महाग आहेत, ती सावकाश घ्या. संघ बदललेल्या खेळाडूंचा ४४ कार्डांचा ट्रेडेड सेट आणि संघांच्या २४ लाल चेकलिस्ट (खुणा करायच्या याद्यांची कार्डं) ६६० च्या बाहेरच्या. विकणाऱ्याला हे आधीच विचारून घ्या.

तिसरा_बेस

वरचा हिशोब बरोबर आहे, पण १९७४ दिसायला पांढराफटक सेट आहे, हेही सांगायला हवं. १९७५ ची दुरंगी किनार समोर नऊ-नऊच्या पानात लागली की वेगळीच मजा. त्यातही ६६० च कार्डं, हाय नंबर नाहीत. जॉर्ज ब्रेट (२२८), रॉबिन याउंट (२२३), गॅरी कार्टर (६२०) आणि जिम राइस (६१६) यांची पहिली कार्डं त्यातच, म्हणून महाग. ब्रेट आणि याउंट झिजलेल्या कोपऱ्यांचे घेतले तर पाचशेत ओढूनताणून बसेल. फक्त 'मिनी' चुकून घेऊ नका. डिझाइन तेच, आकार २ १/४ बाय ३ १/८ इंच. फोटोत फरक कळत नाही.

आणि ६६० चाच धसका वाटत असेल तर केलॉग्ज या सीरियल कंपनीचे त्रिमितीय सेट बघा. १९७२ चा ५४ कार्डांचा. वरचं रेघारेघांचं प्लास्टिक आकसतं, कार्ड वाकतं आणि उभी चीर जाते. वाकलेलं कार्ड हातानं सरळ करायला जाऊ नका, तिथेच तडकतं. १९७१ चा मात्र टाळा. तो पूर्ण सेट टपालानं मागवायची सोय नव्हती, म्हणून बाकीच्यांपेक्षा दुर्मीळ.

भिंगवाला

काळ्या किनारीबद्दल दोन शब्द. १९७१ मध्ये कोपरा जरा घासला तरी आतला पांढरा पुठ्ठा डोळ्यात भरतो, म्हणून लोक मार्करनं रंगवून विकतात. कार्डाची कड वरून बघू नका, बाजूनं बघा. पुठ्ठ्याच्या जाडीवर शाई उतरलेली दिसली की रंगवलंय. १९७५ लाही हाच त्रास, रंग निराळे.

झिजलेली कड लपवायला कापलेली कार्डं हा दुसरा प्रकार. माप अडीच बाय साडेतीन इंच. पट्टीपेक्षा सोपं म्हणजे त्याच सेटच्या दहा कॉमन कार्डांच्या गठ्ठ्यात संशयित कार्ड घालून कडेवर बोट फिरवा. आत गेलेलं लगेच लागतं. टॉप्सची तेव्हाची कापणी यथातथाच होती, त्यामुळे केसभर फरक धरू नका.

विनफिल्ड, रायन, ब्रेट यांच्यासाठी दहापट भिंग जवळ असू द्या. अस्सल कार्डात चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि चौकटीच्या रेषा सलग शाईच्या. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची होतात. तुलनेला नेहमी त्याच वर्षाचं स्वस्त कार्ड शेजारी ठेवा.

१९७४ च्या पांढऱ्या किनारीत झीज लपते, पण सेंटरिंगची (चित्र मधोमध बसण्याची) बोंब आहे. नेमकं तेच तुमच्या पथ्यावर पडेल. ज्यांना ग्रेडिंगला पाठवायची असतात ते एका बाजूला सरकलेलं कार्ड नाकारतात, म्हणून टोकदार कोपऱ्यांचं पण तिरकस कापलेलं कार्ड स्वस्तात सुटतं.

एडिसनकर

१९७५ चा मोह आवरतो, १९७४ ठरलं. सुरुवात गठ्ठ्यानं करू की आधी स्टार घेऊ? आणि चेकलिस्टवर पेनाच्या खुणा असल्या तर काय?

जुनापुठ्ठा

आधी ३००-४०० कार्डांचा गठ्ठा, बजेटच्या पाव भागात. 'दुहेरी किती' हे विचारल्याशिवाय घेऊ नका. एकच गठ्ठा घ्या. दुसऱ्यात निम्मी कार्डं तुमच्याकडचीच निघतात. मग नंबरवार यादी करा. साधारण २५ स्टार सुटे, प्रत्येकाच्या पुढचा-मागचा फोटो बघून. ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, 'विकली गेलेली' हा फिल्टर लावा. राहिलेली कॉमन एकाच विक्रेत्याकडून वीस-तीसच्या झुबक्यानं, नाहीतर चाळीस सेंटच्या कार्डाला डॉलरभर टपालखर्च बसतो.

६६० कार्डांना नऊ कप्प्यांची ७४ पानं लागतात. तीन इंची बाईंडर घ्या, पण डी आकाराच्या कड्यांचा. गोल कड्यांत पहिल्या-शेवटच्या पानांतली कार्डं वाकतात. पानं पीव्हीसी नसलेलीच.

चेकलिस्ट पाच आहेत. पोरांनी त्या भरण्यासाठीच वापरल्या, त्यामुळे कोऱ्या महाग. सध्या खुणावाली लावा, मागाहून बदला. 'कोरी' म्हणून घेताना मात्र कार्ड दिव्याखाली तिरपं धरा. पेन्सिल खोडली तरी चौकोनात दाबाची खाच राहते, आणि बॉलपेनची तर मागच्या बाजूलाही उमटते.